पैवस्तीची तारीख

गेल्या जूनमध्ये एक ईमेल माझ्या फोनवर पावणेआठ तास उशिरा उमटले आणि त्यापायी चार जुनी मोडी पत्रे माझ्या हातून निसटली. पत्रे पेशवाईच्या अखेरच्या वर्षांतली. ब्रिटनमधल्या एका संग्रहात ती कुठल्याशा इंग्रज अधिकाऱ्याच्या कागदांबरोबर जाऊन पडली होती. छायाचित्रे मिळणार नव्हती. कोणी तिथे जाऊन नक्कल उतरवून घेतली तर चालणार होते. माझी भाची त्याच शहरात शिकत होती आणि त्या आठवड्याच्या शेवटी परतणार होती. मोडी तिला मीच शिकवलेली. बुधवारी संग्रहातून उत्तर आले : गुरुवारी कागद मेजावर ठेवू, नंतर ते रुमाल दुरुस्तीला जातील, येणाऱ्या व्यक्तीचे नाव आज संध्याकाळी पाचपर्यंत कळवावे. त्यांचे पाच म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. मी ते उत्तर वाचले रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी, झोपण्यापूर्वी फोन चार्जरला लावला तेव्हा. लावताक्षणी फोन घणघणला आणि एकापाठोपाठ नऊ ईमेल येऊन पडली.

"मावशी, तू काही कळवलं नाहीस, म्हणून मी गेले नाही," भाची दुसऱ्या दिवशी म्हणाली. यावर बोलण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते.

हे त्या एका दिवशीच घडले असते तर मी नशिबाला बोल लावून गप्प बसले असते. पण तीन आठवडे असेच चालले होते. नेमकी सुरुवातही मला सांगता येत होती. एका रात्री फोनने 'नवे अपडेट तयार आहे' अशी सूचना दिली, मी न वाचता होकार दिला आणि सकाळी उठले तर फोनची अक्षरे थोडी गोल झाली होती. त्या दिवसापासून ईमेलची घंटी वाजेनाशी झाली. दुकानातला मुलगा म्हणाला, "काकू, रिसेट मारून टाकू." खाते काढून पुन्हा घालावे, असा दुसरा सल्ला मिळाला. तोही मी पाळला. त्यात दोन अर्धवट मसुदे गेले आणि उशीर होता तिथेच राहिला. मग मला वाटले, आपण आयुष्यभर जे काम केले त्याच पद्धतीने याकडे पाहावे. पत्र उशिरा पोचले, तर ते वाटेत कुठे अडले हे शोधणे हे इतिहासाच्या विद्यार्थ्याचे रोजचेच काम आहे.

मोडी कागद वाचणाऱ्याला दोन तारखा पाहायची सवय असते. पत्रात लिहिणाऱ्याने घातलेली तारीख असते. 'छ' अक्षरापुढे चंद्राची संख्या आणि अरबी महिना. दुसरी तारीख पुष्कळदा कागद हाती आल्यावर घेणाऱ्याच्या दफ्तरात चढवलेली असते : अमुक दिवशी पैवस्त, म्हणजे पोचले. या दोन तारखांमधल्या अंतरात बराच इतिहास दडलेला असतो. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी जे झाले, त्याची वार्ता नानासाहेब पेशव्यांना माळव्यात भिलशाच्या आसपास पोचेपर्यंत सुमारे दहा दिवस गेले होते. त्या दहा दिवसांत पेशवे जे करत होते ते अज्ञानात करत होते, आणि त्यांना दोष देण्याआधी पैवस्तीची तारीख पाहावी लागते. जासुदांच्या जोड्या धावत, नदीला पूर येई, वाटेत पत्रे पकडली जात. पण कागद पोचला की तो कधी पोचला याची नोंद होई. पुढे इंग्रजी टपालातही हाच रिवाज राहिला. पाकिटाच्या पुढच्या अंगाला रवानगीचा शिक्का आणि पाठीवर पोचल्याचा. आमच्या वडिलांना पाकीट फोडण्याआधी उलटून पाहायची सवय होती.

ईमेललाही असे शिक्के असतात, हे मला ठाऊक होते. पण ते कधी वाचून पाहिले नव्हते. प्रत्येक ईमेलच्या मजकुरामागे एक लपलेला भाग असतो. संगणकावर 'मूळ संदेश दाखवा' किंवा तशाच अर्थाचा पर्याय निवडला की तो दिसतो. ईमेल ज्या ज्या सर्व्हरवरून जाते, तो तो सर्व्हर त्यावर एक ओळ चढवतो : कोणाकडून मिळाले, कोणी घेतले, कधी घेतले. ही पद्धत आजची नाही. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये ईमेल पोचवण्याचे जे नियम लिहून काढले, ज्यांना एसएमटीपी म्हणतात, त्यांतच या ओळीची सक्ती आहे. नवा शिक्का आधीच्या शिक्क्यांच्या वर बसतो, म्हणून हे शिक्के तळापासून वर वाचायचे असतात.

संग्रहाच्या त्या उत्तरावर तळाचा शिक्का होता ११ वाजून ५ मिनिटांचा, ब्रिटनच्या उन्हाळी वेळेचा. सर्वांत वरचा शिक्का माझे खाते जिथे आहे त्या सर्व्हरचा होता. तो यंत्र अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याची वेळ पाळत असल्याने तिथे पहाटेचे ३ वाजून ५ मिनिटे लिहिले होते. आपल्या घड्याळात दोन्ही एकच : दुपारचे ३ वाजून ३५ मिनिटे. दोन्हींत अंतर सहा सेकंदांचे. म्हणजे समुद्रापलीकडून निघालेले पत्र सहा सेकंदांत माझ्या टपालखात्यात येऊन पडले होते. पुढचे पावणेआठ तास गेले ते त्या खात्यापासून माझ्या उशाशी असलेल्या फोनपर्यंत.

आणि या शेवटच्या टप्प्याचा शिक्काच नव्हता. सर्व्हरवरून फोनने ईमेल उचलले की त्यावर कोणी नवी ओळ चढवत नाही. एवढेच नव्हे, फोनच्या यादीत त्या ईमेलपुढे वेळ दिसत होती ती दुपारी ३.३५ हीच. रात्री अकरा वीसला आलेले पत्र दुपारच्या जागी निमूटपणे जाऊन बसले होते. उद्या कोणी माझा फोन तपासला असता, तर बाईंना दुपारीच पत्र मिळाले होते, त्यांनीच दुर्लक्ष केले, असा निष्कर्ष त्याने काढला असता. तीन आठवडे मी स्वतःही तसेच समजत होते. घंटी ऐकू आली नसेल, आपले लक्ष नसेल, वय झाले. यंत्राने उशीर तर केलाच, वर उशिराचा पुरावाही ठेवला नाही. तेव्हा मी वहीत दोन रकाने आखले : सर्व्हरच्या शिक्क्याची वेळ आणि फोनवर प्रत्यक्ष दिसल्याची वेळ. दुसऱ्या रकान्याला नाव दिले 'पैवस्ती'. आठ दिवसांच्या नोंदींत एक आकृती स्पष्ट उमटली. फोन हाताळत असताना आलेली ईमेल लगेच दिसत. फोन मेजावर पडून असला की ती तासन्‌तास येत नसत. चार्जरला लावला की सगळी एकदम.

याचा अर्थ लावण्यासाठी मला ईमेलच्या इतिहासात मागे जावे लागले. तो इतिहास एका जुन्याच प्रश्नाभोवती फिरतो : पोस्टमनने दारी यायचे, की आपण पोस्टात जाऊन विचारायचे?

सुरुवातीला हा प्रश्न नव्हताच. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या केंब्रिज इथे, बीबीएन या कंपनीत रे टॉमलिन्सन यांनी अर्पानेटच्या जाळ्यावरून एका संगणकावरून दुसऱ्यावर निरोप पाठवला आणि नाव व ठिकाण यांच्यामध्ये @ हे चिन्ह घातले. ते दोन्ही संगणक शेजारीशेजारीच होते. संगणक खोलीएवढा मोठा, कायम चालू, आणि माणसे त्याच्यापुढे येऊन बसणारी. निरोप त्या यंत्रातल्या एका फाइलीत जमा होई. माणूस बसला की वाचे. एसएमटीपीचे नियमही याच समजुतीवर उभे आहेत की घेणारे यंत्र नेहमी जागे असते.

मग मेजावर मावणारे छोटे संगणक आले आणि माणसे ते रात्री बंद करून घरी जाऊ लागली. बंद यंत्राला पत्र द्यायचे कसे? ऑक्टोबर १९८४ मध्ये जॉइस रेनल्ड्स यांनी त्यावर एक तोड लिहून काढली. तिचे नावच बोलके आहे : पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल, म्हणजे पीओपी. पत्रे कायम जाग्या असलेल्या सर्व्हरवर राहतील. आपला संगणक सुरू झाला की तो पोस्टात जाईल, 'माझे काही आहे का' विचारेल आणि असेल ते घेऊन येईल. १९८६ मध्ये स्टॅनफर्डमध्ये मार्क क्रिस्पिन यांनी आयमॅपची बांधणी सुरू केली. त्यात पत्रे सर्व्हरवरच राहत आणि आपण ती कुठूनही पाहू शकत असू. पण विचारायला जायचे ते आपणच.

आपल्याकडची सुरुवातही अशीच विचारायला जाण्याची. अर्नेट हा प्रकल्प १९८६ मध्ये सुरू झाला, आणि त्याच सुमारास मुंबईत जुहूची एनसीएसटी ही संस्था व पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून ईमेलची देवाणघेवाण होऊ लागली. यूयूसीपी नावाच्या पद्धतीत संगणक पत्रे साठवून ठेवी; ठरलेल्या वेळी एक यंत्र दुसऱ्याला फोन लावी आणि साठलेले गठ्ठे बदलले जात. पुढे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले. त्या काळी ज्यांनी 'शेल अकाउंट' वापरले त्यांना काळ्या पडद्यावरचा 'पाइन' हा ईमेल वाचायचा प्रोग्राम आठवत असेल. तो वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झाला होता, आणि क्रिस्पिनही तोवर त्याच विद्यापीठात आयमॅपवर काम करत होते. मोडेमचा तो किर्र आवाज, नंबर लागेपर्यंतचे प्रयत्न, लागल्यावर घाईने पत्रे पाहणे, आणि घरातल्या कोणाला तरी फोन करायचा असल्याने उठणे. त्या काळात ईमेल 'उशिरा आले' अशी तक्रार कोणी केल्याचे मला आठवत नाही. विचारायला जाणे हे आपले काम आहे, हे सगळ्यांना माहीत होते.

दारी येणारा पोस्टमन पुढे दोन वाटांनी आला. पहिली वाट तंत्राच्या नियमांची. जून १९९७ मध्ये बॅरी लीबा यांनी आयमॅपला एक छोटी जोड दिली, तिचे नाव 'आयडल'. आपल्या यंत्राने सर्व्हरशी जोडणी करून नुसते थांबून राहायचे. नवे पत्र आले की सर्व्हर होऊन सांगेल. जणू पोस्टाच्या खिडकीशी आपला माणूस बसवून ठेवलेला. मात्र बराच वेळ काही हालचाल नसलेला गिऱ्हाईक निघून गेला असे सर्व्हर समजू शकतो, म्हणून दर २९ मिनिटांच्या आत 'मी अजून आहे' असे कळवत राहायचे, अशी सूचना त्याच नियमात आहे.

दुसरी वाट धंद्याची. कॅनडातल्या वॉटर्लूच्या रिसर्च इन मोशन या कंपनीने १९९९ मध्ये ब्लॅकबेरी ८५० हे पेजरसारखे दिसणारे यंत्र आणले. पत्र आले की यंत्र होऊन सांगे. माणसाने विचारायचे नाही. याला 'पुश' म्हणू लागले. या सोयीची किंमत किती होती ते न्यायालयात दिसले : एनटीपी या पेटंटधारक कंपनीशी चाललेला दावा मिटवताना २००६ मध्ये ब्लॅकबेरीवाल्यांनी ६१.२५ कोटी डॉलर मोजले. आणि पोस्टमन एकच असण्याचा धोका कळला तो ऑक्टोबर २०११ मध्ये. कंपनीच्या एका केंद्रातला महत्त्वाचा स्विच बिघडला आणि युरोप, आफ्रिका, मध्यपूर्व, भारत, शेवटी अमेरिका अशा ठिकाणची टपाल तीन-चार दिवस खोळंबली.

२००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये याहूची ईमेल आपणहून येत. बाकीच्या खात्यांना फोन ठरावीक अंतराने जाऊन विचारी. पुढच्या वर्षी, जुलै २००८ मध्ये, ॲपलने 'मोबाइलमी' ही सेवा गाजावाजा करून आणली आणि तिच्या सर्वच कामाला पुश म्हटले. पण संगणकावर केलेला बदल फोनपर्यंत पोचायला पंधरा मिनिटेही लागू शकत. गिऱ्हाइकांनी बोट दाखवल्यावर कंपनीने क्षमा मागितली आणि संगणकाकडचा वेग सुधारेपर्यंत तो शब्द वापरणार नाही असे कळवले. एका शब्दाबद्दल माफी मागितल्याची ही नोंद मला महत्त्वाची वाटते; 'आपोआप' आणि 'लगेच' हे दोन निराळे शब्द आहेत, याची ती कबुली होती.

खरे वळण आले त्यानंतर. प्रत्येक ॲपने सर्व्हरशी आपापली जोडणी उघडी ठेवली तर फोन थकतो. फोनचा रेडिओ एक ओळ पाठवून लगेच निजत नाही. काही सेकंद जागाच राहतो, आणि तेवढ्यात बॅटरी खातो. त्यातच मोबाइल कंपन्यांची मधली यंत्रे निःशब्द जोडण्या मुकाट तोडत असल्याने, त्या जिवंत ठेवायला पुन्हा पुन्हा काहीतरी पाठवावे लागते. यावर ॲपलने जून २००९ मध्ये आणि गूगलने २०१० मध्ये एकच उपाय काढला : फोनमागे एकच सामाईक जोडणी, कंपनीच्या सर्व्हरशी. ज्याला घंटी वाजवायची असेल त्याने आपला निरोप या राजरस्त्याने पाठवावा. उपाय शहाणपणाचा होता. पण त्यामुळे पोस्टमन कोणाचा, हे ठरले.

याचे परिणाम पुढे दिसत गेले. जानेवारी २०१३ च्या अखेरीस गूगलने मोफत खात्यांसाठी नव्या फोनांवर 'गूगल सिंक' ही सोय बंद केली. तेव्हापासून आयफोनमधल्या मूळच्या मेल ॲपमध्ये नव्याने जोडलेल्या जीमेलला पुश राहिले नाही. गूगलच्या स्वतःच्या ॲपमध्ये घंटी वाजत राहिली. जर्मनीत फेब्रुवारी २०१२ मध्ये मोटोरोलाने जिंकलेल्या एका पेटंटच्या दाव्यामुळे ॲपलच्या आयक्लाउड ईमेलचे पुश बंद झाले, ते २०१३ च्या शरदापर्यंत बंद राहिले. ते पेटंट मुळात पेजरच्या काळातले होते. दीड वर्षाहून अधिक काळ जर्मन गिऱ्हाइके पुन्हा १९८४ मध्ये गेली होती : जा आणि विचारा.

माझ्या वहीतल्या आकृतीचा उलगडा मात्र यापुढच्या टप्प्यात झाला. २०१५ मध्ये अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीने 'डोझ' ही सोय आणली. डोझ म्हणजे डुलकी. फोन चार्जरवर नसेल, हलत नसेल आणि पडदा बंद असेल, तर काही वेळाने तो डुलकी घेतो. मग ॲपांना जाळ्याशी बोलता येत नाही. मधूनमधून फोन क्षणभर डोळे उघडतो, साठलेली कामे उरकतो आणि पुन्हा झोपतो. जितका वेळ पडून राहील तितके हे जागे होणे विरळ होत जाते. पुढच्या वर्षीच्या सातव्या आवृत्तीत खिशात हलणाऱ्या फोनलाही हलकी डुलकी लागू झाली. राजरस्त्याने 'तातडीचे' म्हणून आलेला निरोप फोनला उठवू शकतो. स्वतःची जोडणी उघडी ठेवून बसलेल्या ॲपचा, म्हणजे खिडकीशी बसवलेल्या माणसाचा आवाज त्याला ऐकू येत नाही. माझे खाते एका छोट्या सेवेचे आणि ईमेलचे ॲप तिसऱ्याचेच. ते आयडलवर विसंबून होते. जुन्या व्यवस्थेत मी त्याला केव्हातरी सवलत दिलेली असणार; अपडेटनंतर ती पुसली गेली होती.

२०१८ च्या नवव्या आवृत्तीने आणखी एक पाऊल टाकले. फोन आता ॲपांची वर्गवारी करू लागला : चालू वापरातली, नेहमीची, वरचेवर लागणारी आणि क्वचित उघडली जाणारी. तुम्ही ॲप किती वेळा उघडता यावरून त्याची पायरी ठरते, आणि पायरीनुसार त्याची कामे किती लांबवायची तेही. दुसऱ्या पायरीवर दोन तासांपर्यंत, तिसरीवर आठ, चौथीवर चोवीस. चार्जरला लावले की ही बंधने सुटतात. माझी वही हेच सांगत होती. आयफोननेही याच दिशेने पाऊल टाकले. २०१७ च्या अकराव्या आवृत्तीत ईमेल विचारून आणण्याच्या वेळापत्रकात 'आपोआप' असा नवा पर्याय आला. त्याचा अर्थ असा की फोन चार्जरवर असेल आणि वायफायशी जोडलेला असेल तेव्हाच तो मागच्या मागे जाऊन विचारील. 'आपोआप' या शब्दाने माणूस निर्धास्त होतो. त्याखालची बारीक ओळ वाचायला तो थांबत नाही.

इथे मी कोणावर आरोप करत नाही. दिवसभर बॅटरी टिकावी ही मागणी आपलीच होती. शंभर ॲपांनी फोनला सतत उठवावे, हे बंद करणे गरजेचे होते. पण त्यात एक निर्णय आपल्या हातून गेला आणि तो गेल्याचे आपल्याला कळले नाही. कोणते पत्र तातडीचे, हे पूर्वी पाठवणारा लिफाफ्यावर लिही किंवा घेणारा अक्षर पाहून ओळखी. आता ते सवयीवरून ठरते. जे वरचेवर उघडता ते महत्त्वाचे. मी दिवसातून एकदाच ईमेल पाहत होते, कारण घंटीवर माझा विश्वास होता. फोनने त्या विश्वासाचा अर्थ अनास्था असा लावला आणि घंटी काढून घेतली. ज्यांना क्वचित पत्र येते, आणि आले तर ते खरेच कामाचे असते, अशा माणसांसाठी हा हिशेब उलटा बसतो. त्यांत म्हातारी माणसे येतात, एकट्याने काम करणारी येतात, आणि दूरच्या एखाद्या दफ्तराच्या उत्तराची वर्षभर वाट पाहणारी माझ्यासारखीही येतात.

उपाय सांगून ठेवते, कारण तो रिसेट करण्याइतका अवघड नाही. आधी संगणकावर तेच खाते उघडून पाहावे. तिथे पत्र वेळेवर दिसत असेल तर वाटेत काही अडलेले नाही. शिक्के वाचून खात्री करावी. मग फोनमध्ये त्या ईमेल ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरीच्या वापराचा पर्याय पाहावा. तो 'मर्यादित' किंवा 'सुधारित' असेल तर 'अनिर्बंध' करावा. बॅटरी वाचवण्याची सर्वसाधारण सोय दिवसभर चालू राहिली नाही ना, हेही पाहावे. आयफोनवर ईमेल खात्यांच्या सेटिंगमध्ये नवा मजकूर आणण्याचे वेळापत्रक असते. प्रत्येक खात्यापुढे पुश आहे, फेच आहे की हाताने, ते तिथे कळते. फेच असेल तर 'आपोआप'ऐवजी पंधरा मिनिटांचे अंतर निवडता येते. आणि दर मोठ्या अपडेटनंतर हे सगळे पुन्हा पाहावे, कारण जुनी सवलत नव्या राज्यात चालू राहीलच असे नाही. वतनदारांना दर नव्या कारकिर्दीत सनदा नव्याने करून घ्याव्या लागत, तसेच हे.

माझ्या फोनवर तो एक पर्याय बदलल्यानंतर पहिल्या दिवसापासून दोन्ही रकान्यांतले अंतर एका मिनिटाच्या आत आले. रात्री पूर्वी चाळीस टक्के उरणारी बॅटरी आता तीस टक्के उरते. वाट पाहण्याची ही किंमत मला परवडते; ती कोणी मला विचारून ठरवली असती तर मी जूनच्या आधीच दिली असती.

संग्रहाला मी पुन्हा लिहिले. कागद अजून दुरुस्तीत आहेत, परत आले की कळवू, असे उत्तर आले. भाची आता पुण्यात आहे, तेव्हा दुसरे कोणी पाहावे लागेल. त्या उत्तराच्या वरच्या शिक्क्यावर संध्याकाळचे ६ वाजून १२ मिनिटे होती. फोन स्वयंपाकघरात ओट्यावर पडलेला होता, चार्जरवर नव्हता, आणि मी कणीक मळत होते. घंटी वाजली. हात धुऊन मी आधी वही काढली आणि दुसऱ्या रकान्यात लिहिले : पैवस्त, सायंकाळी ६.१२.